खुर्चीवर आधी येऊन बसणारं दुखणं

पत्र

नमस्कार. मला नऊ वर्षांपासून आमवात आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही काही रुग्णांनी मिळून एक आधारगट सुरू केला. महिन्यातून एकदा भेटतो. आधी वीसेक जण यायचे, आता आठ-नऊ उरलेत. दर वेळी तेच तिघे-चौघे बोलतात आणि कोणाचं दुखणं मोठं यावरून चढाओढ लागते. जुने सभासद नव्यांना म्हणतात, 'तुम्हाला अजून काहीच झालेलं नाही.' नवे घाबरतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. मध्यंतरी एकानं दुसरीला गोळ्या कमी करायला सांगितलं. तिचा त्रास वाढला आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मोठं भांडण झालं. खुर्च्या मांडण्यापासून निरोप देण्यापर्यंत सगळं माझ्याच अंगावर आहे. एक बाई वर्षभर न चुकता येतात, दाराजवळ बसतात आणि नाव सांगण्यापलीकडे एक शब्द बोललेल्या नाहीत. कधीकधी वाटतं, आम्ही पोचायच्या आत दुखणंच खुर्चीवर येऊन बसलेलं असतं आणि बैठक तेच चालवतं. नॅरेटिव्ह थेरपीबद्दल ऐकलं आहे. लोकांनी एकमेकांना धरून काम करावं यासाठी तिचा उपयोग होईल का? की ते फक्त तज्ज्ञांनीच करायचं काम आहे?

एक समन्वयक

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थबकले: आम्ही पोचायच्या आत दुखणंच खुर्चीवर येऊन बसलेलं असतं. तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण नॅरेटिव्ह थेरपीची, म्हणजे माणूस स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतो तिच्यावर काम करणाऱ्या समुपदेशनाच्या पद्धतीची, पहिली पायरी म्हणतात ती हीच. तुम्ही दुखण्याला माणसांपासून सोडवलंत आणि वेगळ्या खुर्चीवर बसवलंत. आमचे लोक भांडखोर आहेत, जुने सभासद अहंकारी आहेत, मलाच गट चालवता येत नाही, यातलं एकही वाक्य तुमच्या पत्रात नाही. तेव्हा उपयोग होईल का, या प्रश्नाला माझं उत्तर 'होईल' असं आहे, आणि सुरुवात तुमच्या हातून झालेलीच आहे.

थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं सगळं नुसतं तंत्र वाटेल. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला काम करणारे मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडमधले डेव्हिड एपस्टन या दोघांनी १९८०च्या दशकात ही पद्धत घडवली. १९९० साली दोघांचं मिळून पुस्तक आलं आणि ती सर्वदूर पोचली. व्हाइट कुटुंबांबरोबर काम करत. १९८४ साली त्यांनी अशा मुलांबद्दल लिहिलं, ज्यांना शी आवरत नसे, कपड्यांतच होत असे. अशा घरात काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा. आई मुलावर चिडते, वडील आईला बोल लावतात, मूल शरमेनं अंग चोरतं. घरातलं प्रत्येक जण दुसऱ्याच्या दृष्टीनं आरोपी. व्हाइट त्या त्रासालाच एक नाव देत. आपण 'लबाड शी' म्हणू. मग विचारत: ही लबाड तुला कधी गाठते? मित्रांपासून तुला कशी तोडते? आईला स्वतःबद्दल काय काय वाटायला लावते? आणि असं कधी झालं, की ती आली पण तिचा डाव तुम्ही साधू दिला नाहीत?

हे प्रश्न विचारता विचारता घरातली बसायची जागाच बदलते. मूल, आई, वडील एका बाजूला येतात आणि लबाड शी दुसऱ्या बाजूला. 'एकमेकांना सांभाळून घ्या' असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. माणूस म्हणजे समस्या नव्हे, समस्या हीच समस्या, हे व्हाइट यांचं वाक्य पुढे फार गाजलं, पण मला त्या वाक्यापेक्षा ही जागेची अदलाबदल जास्त महत्त्वाची वाटते. तुम्हाला गटात जे हवं आहे, ते नेमकं हेच आहे.

आता तुमच्या गटाकडे येते. दुखण्याची चढाओढ लागते, असं तुम्ही लिहिलंत. माझं मत विचाराल तर ती माणसं चढाओढ करायला येत नाहीत. ज्या खोलीत दुखणं सांगितल्यावरच माना हलतात, तिथे माणूस दुखणंच घेऊन येतो, आणि शेजाऱ्याचं मोठं निघालं तर पुढच्या महिन्यात आणखी मोठं घेऊन येतो. बावीस वर्षं आजार काढलेल्या माणसाजवळ बावीस वर्षांची हुशारी असते. पण ती हुशारी त्याला कुणी विचारलेलीच नसते. विचारलेलं असतं ते फक्त 'कसं आहे दुखणं?' तुमच्या गटात बोलणारे आहेत, ऐकणारेही आहेत. साक्षीदार नाहीत. तो शब्द पुढे उलगडून सांगते.

आधी त्या चढाओढीलाच एक नाव द्या. आजाराला द्यायच्याही आधी. पुढच्या बैठकीत मोकळेपणानं म्हणा, 'आपल्या खोलीत एक मोजपट्टी येते. कोणाचं किती दुखतं ते मोजते. तिच्याबद्दल आज बोलू या का?' मोजपट्टी हा माझा शब्द झाला, तुमची माणसं त्यांचा शोधतील आणि त्यांचाच चांगला असेल. मग विचारा: ही मोजपट्टी साधारण कधी बाहेर निघते? नव्या माणसाच्या कानात काय सांगते? जुन्या माणसाच्या कानात काय सांगते? (मला वाटतं ती जुन्यांना सांगते, 'आता तुझं कोणी ऐकणार नाही, जोरात सांग.') ती आली की कोण गप्प होतं? आणि एखादी बैठक अशी झाली का, की ती निघालीच नाही? त्या दिवशी काय वेगळं होतं? या शेवटच्या प्रश्नावर घाई करू नका. मिनिटभर शांतता पडेल, पडू द्या. कुणीतरी म्हणेल, 'त्या दिवशी वीज गेली होती आणि आपण सगळे नुसते बसलो होतो.' तिथून धागा धरा. समस्येला जुमानलं नाही असा एखादा बारीक क्षण प्रत्येकाच्या गोष्टीत असतोच. मोठ्या गोष्टीखाली तो दबलेला असतो. ही सगळी पद्धत त्या क्षणांवर उभी आहे.

हे गटातच नाही, गावागावांतही करून पाहिलं गेलं आहे. १९९०च्या दशकात मलावीत इव्हॉन स्लीप आणि तिथले समुपदेशक एड्सबद्दल काम करत होते. आजारानं गावं पोखरली होती आणि त्याहून जास्त पोखरलं होतं दोषारोपानं आणि लपवाछपवीनं. त्यांनी गावाच्या सभेत दोन पात्रं उभी केली: एक एड्स आणि एक काळजी. गावकऱ्यांनी एड्सला प्रश्न विचारायचे, त्यानं आपले बेत सांगायचे. तुमच्या गप्प बसण्यावर, एकमेकांकडे बोट दाखवण्यावर मी जगतो, अशा अर्थाचं त्याच्या तोंडून आलं की गावाला आपलंच वागणं बाहेरून दिसायचं. मग काळजीला विचारायचं, तुला बळ कशानं येतं? आरोप कोणावरच झाला नाही आणि तरी बोलायचं ते सगळं बोलून झालं. तुमच्या मोजपट्टीलाही असं रिकाम्या खुर्चीवर बसवून तिची मुलाखत घेता येईल. गटातलं जे माणूस थोडं नाटकी आहे, त्याला मोजपट्टी व्हायला सांगा.

आजाराला नाव देताना मात्र जरा जपून. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. अशा आजारात 'शत्रू', 'लढाई', 'खात्मा' ही भाषा काहींना उभारी देते आणि काहींना स्वतःच्याच हातापायांविरुद्ध उभं करते. ज्याचा आजार आयुष्यभर सोबत राहणार आहे, त्याला रोज लढाई लढायला सांगणं क्रूर आहे असं मला वाटतं. कुणी त्याला बिनभाड्याचा भाडेकरू म्हणेल. माझ्या ओळखीच्या एक बाई त्याला 'इन्स्पेक्टर' म्हणायच्या, कारण तो रोज सकाळी येऊन आज कुठलं बोट कामावर जाणार ते ठरवायचा. नाव ज्याचं त्यानं ठेवावं. त्यावर मतदान नको.

आता साक्षीदार. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा मायरहॉफ यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथे वृद्ध ज्यू माणसांच्या एका केंद्राचा अभ्यास केला. ही माणसं गरीब, मुलं दूर, आसपासच्या जगाला जणू दिसेनाशी झालेली. आपण कोण आहोत हे सांगण्याचे प्रसंग ती स्वतःच घडवून आणत आणि एकमेकांसमोर आपली गोष्ट मांडत. कुणीतरी बघतंय, ऐकतंय, म्हणून ती स्वतःला पुन्हा खरी वाटत. व्हाइट यांनी ही कल्पना उचलली आणि तिला नॉर्वेच्या टॉम अँडरसन यांच्या पद्धतीची जोड दिली. त्या पद्धतीत ऐकणारे आपापसांत बोलतात आणि ज्याची गोष्ट आहे तो त्यांचं बोलणं ऐकतो. या दोन्हींतून जे तयार झालं, ते तुमच्या गटाला फार उपयोगी पडेल.

करायचं असं. एका बैठकीत एकच माणूस सांगणार. तुम्ही किंवा दुसरं कुणी त्याला प्रश्न विचाराल, वीस-पंचवीस मिनिटं. बाकीचे फक्त ऐकतील, मध्ये एक शब्द नाही. मग तिघं-चौघं साक्षीदार बोलतील आणि सांगणारा फक्त ऐकेल. मग सांगणाऱ्याला विचारायचं, या सगळ्यांचं ऐकताना तुम्हाला काय वाटलं? आणि शेवटी सगळ्यांनी मिळून, आज जे केलं ते कसं वाटलं याबद्दल बोलायचं.

साक्षीदारांना विचारायचे प्रश्न चारच आहेत आणि त्यांचा क्रम मोडू नका. ऐकताना कुठला शब्द, कुठलं वाक्य कानात राहिलं? ते ऐकताना डोळ्यांसमोर कसलं चित्र आलं, या माणसाला काय मोलाचं वाटतं असं त्यातून जाणवलं? तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं काय त्यामुळे जागं झालं, म्हणजे नेमकं हेच तुमच्या मनाला का भिडलं? आणि हे ऐकल्यामुळे तुम्ही आता कुठे येऊन पोचलात, मघाशी खोलीत शिरताना जिथे नव्हतात अशा कुठल्या जागी? सल्ला द्यायचा नाही, निदान करायचं नाही आणि कौतुकही करायचं नाही.

कौतुक का नाही, हे लोकांना पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. पूर्वी मी एक गट चालवायचे. त्यात एका बाईंनी प्रथमच स्वतःबद्दल सांगितलं आणि मी भरल्या गळ्यानं म्हणाले, 'तुम्ही किती धीराच्या आहात!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. पुष्कळ दिवसांनी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, 'त्यानंतर माझे फार वाईट दिवस आले. धीराची बाई म्हणून तिथे परत कशी येणार होते मी?' ते मी अजून विसरलेले नाही. कौतुक करणारा नकळत उंच खुर्चीवर बसतो आणि खालच्या माणसाला गुण देतो. साक्षीदार शेजारी बसतो आणि सांगतो, तुझ्या बोलण्यानं माझं हे असं झालं.

एक प्रसंग जवळून सांगते, म्हणजे हे नुसतं वाचायला बरं राहणार नाही. आमच्या गटात एक गृहस्थ होते. सकाळी तासभर बोटंच उघडत नसत. 'या हातांचा आता काही उपयोग नाही' हे त्यांचं ठरलेलं वाक्य, दर बैठकीला. एकदा त्यांना विचारलं, 'गेल्या महिन्यात असं कधी झालं का, की हातांनी दुखण्याचं सगळंच ऐकलं नाही?' बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'वेणी.' मुलगी सव्वासातला घरातून निघायची, तिची वेणी तेच घालत. त्यासाठी पाचला उठायचे. वाडग्यात कोमट पाणी घ्यायचे आणि अंधारात पलंगाच्या काठावर हात बुडवून बसायचे, बोटं सुटी होईपर्यंत. 'तरी सैलच पडते,' म्हणाले. 'पण ती सोडून पुन्हा घालत नाही. तशीच जाते.' मी विचारलं, मुलीची वेणी इतकी मोलाची का? मग त्यांच्या आजारी आईची गोष्ट निघाली. ती अंथरुणावरून उठून बसायची आणि यांच्या बहिणीचे केस विंचरायची. यांनी ते लहानपणी दारातून पाहिलं होतं. पाचच्या वाडग्यामागे चाळीस वर्षांपूर्वीचं काहीतरी उभं होतं, आणि ते त्यांनी स्वतःही त्या दिवशीच पाहिलं.

मग साक्षीदारांची पाळी आली. नुकतंच निदान झालेली एक मुलगी होती, तेवीस वर्षांची. ती म्हणाली, 'मला त्या पाण्याची वाफ दिसली. मी गजर झाला की पांघरूण ओढून घेते, कारण हात उघडतात का हे बघायचीच भीती वाटते. आज वाटलं, त्या वेळी दुसरीकडेही कुणीतरी अंधारात बसलेलं असतं.' गृहस्थांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.' पुढच्या आठवड्यापासून ती मुलगी आणि आणखी दोघं पहाटे एकमेकांना मिस्ड कॉल देऊ लागली. बोलायचं नाही, नुसता मिस्ड कॉल. मी जागा आहे, हात पाण्यात आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ही योजना कुणी मांडली नव्हती आणि तिच्यासाठी समितीही नेमली नव्हती. तुम्ही 'एकमेकांना धरून काम' म्हणता ते मी असं होताना पाहिलं आहे. आधी कुणाची तरी गोष्ट दुसऱ्याच्या अंगात शिरते आणि मग हातपाय आपोआप हलतात.

आता गोळ्यांचं. इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. आमवातात मेथोट्रेक्सेट सर्रास दिलं जातं आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना न विचारता कमी केलं तर आजार उसळतो, तुमच्या सभासद ताईंचं झालं तसं. त्यामुळे गटात एक ओळ सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवा: औषधाचं नाव आणि मात्रा यावर इथे सल्ला नाही. ही पद्धत रुग्णाच्या स्वतःच्या ज्ञानाला फार मान देते, पण ते ज्ञान कशाचं, हे ओळखायला हवं. कोमट पाण्याचा वाडगा, थकवा आला हे घरच्यांना न भांडता कसं सांगायचं, डॉक्टरांपुढे तीन मिनिटांत काय आधी बोलायचं, रात्री झोप लागत नाही तेव्हा कोणाला फोन करायचा, हे ज्ञान रुग्णांचं आहे आणि ते डॉक्टरांजवळ नसतं. किती मिलिग्रॅम, हे डॉक्टरांचं. ज्या गृहस्थांनी सल्ला दिला, त्यांना गटासमोर दोषी ठरवू नका. त्यांना एकटं भेटा आणि विचारा, त्या ताईंना मदत करावी असं इतक्या तळमळीनं का वाटलं? त्या तळमळीमागे त्यांची स्वतःची एखादी गोष्ट असेल. ती बैठकीत सांगायला बोलवा. सल्ला देणारा माणूस पुष्कळदा न सांगितलेली गोष्ट घेऊन बसलेला असतो.

हे ज्ञान उडून जाऊ नये म्हणून एक वही ठेवा. एपस्टन यांनी ऑकलंडमध्ये अ‍ॅनोरेक्सियाशी, म्हणजे माणसाला उपाशी राहायला लावणाऱ्या मानसिक आजाराशी, झगडणाऱ्यांची पत्रं आणि ध्वनिफिती जमवल्या. कधीही न भेटलेल्या मुलींपर्यंत ते संचित पोचायचं आणि त्या सगळ्या मिळून जणू एक संघ झाल्या होत्या. अ‍ॅडलेडमध्ये ज्यांना छळणारे आवाज ऐकू यायचे अशा काही जणांचा गट होता. त्या आवाजांच्या खोड्या काय असतात आणि त्यांना कसं तोंड द्यायचं, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत कागदावर उतरवलं होतं. तुमच्या वहीत दर बैठकीनंतर एक पान लिहायचं, सांगणाऱ्याच्याच शब्दांत. 'आपण' असं लिहायचं: आपल्यापैकी काहींना सकाळी हात उघडेपर्यंत कोणाशी बोलवत नाही. आपल्यापैकी काही जण त्या वेळात वेणी घालायची तयारी करतात. नव्या सभासदाच्या हातात आधी ही वही द्या. 'तुम्हाला अजून काहीच झालेलं नाही' हे ऐकण्याऐवजी त्याला आपल्याआधी इथून गेलेली माणसं भेटतील. पान लिहून झालं की ते सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय वहीत जायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. गोष्ट ज्याची त्याची असते.

वही लिहिणारा एक, वेळ बघणारा एक, साक्षीदारांचे चार प्रश्न हातात धरून बसणारा एक, अशी कामं दर महिन्याला फिरवा. तुमच्या अंगावरचं ओझं यानंच थोडं उतरेल. जुन्या सभासदांना पहिले साक्षीदार करा. ज्यांना बोलायची सवय आहे त्यांना शब्द शोधायला सांगितलं, की ते किती बारीक ऐकतात ते तुमचं तुम्हालाच दिसेल. घरच्यांनाही तीन-चार महिन्यांतून एकदा बोलवा. मराठीतल्या काही आधारगटांनी रुग्णाला 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणायला सुरुवात केली, ते मला फार आवडतं. रुग्ण म्हटलं की आजार आधी दिसतो, शुभार्थी म्हटलं की माणूस काहीतरी मागायला निघालेला दिसतो. शुभंकरांनीही साक्षीदार म्हणून बसावं आणि तेच चार प्रश्न, तेच नियम पाळावेत.

तज्ज्ञांनीच करायचं का, असं विचारलंत. उपचार म्हणून करायचं तर प्रशिक्षण हवं, यात शंका नाही. त्यातल्या ऐकण्याच्या आणि प्रश्न विचारण्याच्या रीती मात्र आधारगटाला वापरता येतात, मर्यादा सांभाळून. कुणालाही गोष्ट सांगायचा आग्रह नको. जुना आघात, मारहाण, मृत्यू असं काही निघालं आणि सांगणारा त्यात बुडू लागला, तर प्रश्न थांबवा, पाणी द्या, जवळ बसा, आणि नंतर समुपदेशकाकडे न्या. जगावंसं वाटत नाही असं कुणी म्हटलं, तर ती गोष्ट गटात फुलवायची नाही. त्याच दिवशी घरचं माणूस आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्यापर्यंत पोचवायची. या पद्धतीमागे संशोधनाचं पाठबळ अजून सीबीटीइतकं (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या मानसोपचार पद्धतीइतकं) मोठं नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. यानं सूज उतरत नाही. सूज असलेल्या माणसाच्या शेजारी कोण बसतं, एवढं मात्र बदलू शकतं.

पुढच्या बैठकीत फार काही करू नका. मोजपट्टीचं बोलणं आणि एकाच माणसाची गोष्ट, बस्स. सांगणारं माणूस म्हणून तुम्ही स्वतः बसलात तर मला आवडेल. चार वर्षं सगळ्यांचं ऐकलंत, तुमची नऊ वर्षं कुणी ऐकली आहेत असं पत्रातून दिसत नाही. प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारू द्या.

आणि दाराजवळच्या त्या बाई. त्या वर्षभर गप्प आहेत म्हणजे त्यांच्याकडे काही नाही, असं समजू नका. जो माणूस बोलत नाही आणि तरी न चुकता येतो, त्यानं खूप काही ऐकून ठेवलेलं असतं. त्यांना गोष्ट सांगा म्हणू नका. तुमची गोष्ट संपली की त्यांना पहिलाच प्रश्न विचारायला सांगा: ऐकताना कुठला शब्द कानात राहिला? एकच शब्द पुरे. मग घड्याळाकडे न बघता थांबा.

तो शब्द कोणता होता, ते मला पुढच्या पत्रात कळवा. अर्थात, त्यांना विचारून.